आबाळ आणि हेळसांड : अमेरिकेची बालकल्याण व्यवस्था आणि कृष्णवर्णीय कुटुंबे

अमेरिकेत एखादे कृष्णवर्णीय मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत त्याच्या घरी बालसंरक्षण खात्याची चौकशी येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासात हे प्रमाण ५३ टक्के निघाले. गोऱ्या मुलांच्या बाबतीत ते २८ टक्के होते, सगळ्या मुलांचे मिळून ३७ टक्के. ही चौकशी नुसती विचारपूस नसते. अधिकारी फ्रिज उघडून पाहतो, कोण कुठे झोपते ते बघतो, मुलांना आईबापांपासून वेगळे बसवून प्रश्न विचारतो, अंगावर वळ आहेत का हे पाहण्यासाठी कपडे बाजूला करायला सांगतो. बहुतेक प्रकरणे तिथेच मिटतात. जी मिटत नाहीत त्यांतली काही मुले घराबाहेर, ‘फोस्टर केअर’मध्ये जातात, म्हणजे सरकारी भत्ता घेणाऱ्या परक्या कुटुंबात, नात्यातल्या कोणाकडे किंवा एखाद्या संस्थेत. २००० च्या सुमारास देशातल्या मुलांमध्ये कृष्णवर्णीयांचा वाटा जेमतेम १५ टक्के होता आणि फोस्टर केअरमध्ये तो ४० टक्क्यांच्या जवळ पोचला होता. पुढच्या दोन दशकांत ही दरी कमी झाली, तरी बुजली नाही. आज लोकसंख्येतला वाटा सुमारे १४ टक्के आहे आणि फोस्टर केअरमधला २२-२३ टक्के.

मूल घरातून काढले जाते म्हटल्यावर डोळ्यांसमोर मारहाण येते. प्रत्यक्षात ज्या मुलांवर अन्याय झाल्याचे खाते दरवर्षी नोंदवते, त्यांतल्या सुमारे तीन-चतुर्थांश मुलांच्या बाबतीत शेरा असतो तो हयगयीचा. मराठीत या जागी दोन शब्द आहेत आणि त्यांच्यातला फरक इथे फार उपयोगी पडतो. मुलांची आबाळ होते. हेळसांड कोणीतरी करते. आई दोन पाळ्यांत राबत असेल, घरमालकाने गरम पाण्याची सोय दुरुस्त केली नसेल, पाळणाघराचे पैसे नसल्यामुळे आठ वर्षांची बहीण धाकट्याला सांभाळत असेल, तर मुलांची आबाळ होते आहे. हाताशी सगळे असून बाप मुलाला उपाशी ठेवत असेल, तर ती हेळसांड आहे. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांच्या कायद्यांनी दीर्घकाळ या दोन्हींसाठी एकच शब्द वापरला. त्या एका शब्दाच्या पोटात गरिबी आणि गुन्हा शेजारी शेजारी बसले आणि कोणत्या घरात काय पाहायचे हे पाहणाऱ्याच्या नजरेवर सोपवले गेले. ती नजर कशी घडली, हा या विषयाचा गाभा आहे.

तिची सुरुवात गुलामगिरीपाशी होते. गुलाम आईच्या मुलावर कायद्याने आईचा हक्क नव्हता. मालकाला वाटेल तेव्हा ते विकता येई. गुलामगिरी संपली तरी ही वहिवाट एका फटक्यात संपली नाही. मेरीलँड राज्यात १ नोव्हेंबर १८६४ रोजी गुलाम मुक्त झाले आणि त्यानंतरच्या काही दिवसांतच मुक्त कुटुंबांतली मुले जुन्या मालकांच्या ताब्यात ‘उमेदवारी’च्या नावाखाली देण्याचा सपाटा सुरू झाला. न्यायाधीशाने आईबाप मुलाला पोसायला असमर्थ आहेत असे ठरवले की काम भागत असे. मुलगा किंवा मुलगी सज्ञान होईपर्यंत बिनपगारी राबायला मोकळी. १८६७ मध्ये सरन्यायाधीश सॅमन चेस यांनी एलिझाबेथ टर्नर या मुलीच्या प्रकरणात असा करार बेकायदा ठरवला, कारण त्यात गोऱ्या उमेदवारांना मिळणारे संरक्षण कृष्णवर्णीयांना नाकारले होते आणि ही गुलामगिरीच दुसऱ्या नावाने चालली होती. ‘आईबाप असमर्थ’ हा शेरा मात्र पुढे शंभर वर्षे निरनिराळ्या कागदांवर उमटत राहिला.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत बालकल्याणाचे मोठे काम उभे राहिले. न्यूयॉर्कमधून अनाथ आणि गरीब मुलांना आगगाड्यांत बसवून पश्चिमेकडच्या शेतकरी कुटुंबांत पाठवण्याचा उपक्रम १८५४ ते १९२९ पर्यंत चालला. सुमारे दोन लाख मुले त्यात गेली आणि ती जवळजवळ सगळी गोरी होती. बहुतेक अनाथालयांचे दरवाजेही कृष्णवर्णीय मुलांना बंद होते. त्यांचा भार त्यांच्याच समाजाने उचलला. अटलांटा स्थानकावर काम करणाऱ्या कॅरी स्टील या पूर्वाश्रमीच्या गुलाम बाईंना रिकाम्या डब्यांत टाकून दिलेली मुले सापडत. त्यांनी ती घरी आणली आणि १८८८ मध्ये त्यांच्यासाठी अनाथालय काढले. याहून मोठा आधार नात्यागोत्याचा होता. आजी, मावशी, शेजारीण यांपैकी कोणीतरी मूल वाढवी आणि त्याची सरकारदरबारी नोंद नसे. १९०९ मध्ये व्हाइट हाउसमध्ये निराधार मुलांविषयी परिषद भरली तेव्हा कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांनी हेच सांगितले, की आपल्या समाजात निराधार मुले कमी दिसतात, कारण आपले लोक त्यांना आपल्यात सामावून घेतात. केवळ गरिबीपायी घर मोडू नये, असा ठराव त्याच परिषदेने केला. ठराव उत्तम होता. त्याचा लाभ कोणाला मिळाला हे पुढच्या वीस वर्षांत दिसले.

१९११ पासून राज्यांनी विधवा मातांना मुलांसाठी पेन्शन द्यायला सुरुवात केली, ती ‘लायक’ मातांनाच. १९३१ च्या पाहणीत या मातांमध्ये कृष्णवर्णीय स्त्रिया अवघ्या ३ टक्के होत्या. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने केंद्राचा पैसा आणला, पण कोणाला द्यायचा हे राज्यांवर सोडले. दक्षिणेत कापूस वेचणीचा हंगाम आला की कृष्णवर्णीय मातांची मदत थांबवली जाई, म्हणजे त्या शेतावर जातील. शिवाय ‘योग्य घर’ नावाचा निकष होता. लग्नाबाहेरचे मूल किंवा घरात पुरुषाची वर्दळ एवढ्यावर घर अयोग्य ठरे आणि मदत बंद होई.

उत्तरेकडेही फार वेगळे नव्हते. मिशिगनमधल्या लान्सिंग शहरात १९३१ मध्ये अर्ल लिटल यांचा मृत्यू झाला. त्यांच्या पत्नी लुईज लिटल यांनी मंदीच्या काळात मुले वाढवली. कल्याण खात्याचे अधिकारी येत-जात राहिले आणि त्यांनी मुलांची एकेकट्याने चौकशी केली. जानेवारी १९३९ मध्ये लुईज यांना कॅलमझूच्या मनोरुग्णालयात पाठवण्यात आले. त्या सुमारे चोवीस वर्षे तिथे राहिल्या आणि मुलांची पांगापांग झाली. त्या मुलांतला एक पुढे माल्कम एक्स या नावाने जगाला माहीत झाला. सरकारी मदतीच्या यंत्रणेनेच आपले घर मोडले, असे त्याने आत्मचरित्रात स्पष्ट म्हटले आहे.

मदत नाकारण्याचे धोरण मुले काढून घेण्याच्या धोरणात कसे बदलले, हे समजायला लुइझियाना राज्याचे १९६० हे वर्ष बारकाईने पाहावे लागते. न्यू ऑर्लीन्सच्या शाळांतला वर्णभेद मोडण्याचे आदेश न्यायालयाने दिले होते आणि राज्याचे विधिमंडळ त्याविरुद्ध एकामागून एक कायदे करत होते. त्याच गठ्ठ्यात ‘योग्य घरा’चा नियम कडक करणारा कायदा होता. उन्हाळ्यात सुमारे २३,००० मुलांची मदत एका झटक्यात बंद झाली. त्यांतली ९० टक्क्यांहून जास्त कृष्णवर्णीय होती. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या अर्बन लीग या संस्थेने मुलांना जेवण पुरवण्याची मोहीम काढली. समुद्रापलीकडे इंग्लंडमधल्या न्यूकॅसल शहरातल्या स्त्री नगरसेवकांनी मदत पाठवली. जगभर छी-थू झाली.

केंद्र सरकारला काहीतरी करणे भाग पडले. जानेवारी १९६१ मध्ये, आयझेनहॉवर सरकारच्या अगदी शेवटच्या दिवसांत, आरोग्य, शिक्षण व कल्याण खात्याचे मंत्री आर्थर फ्लेमिंग यांनी आदेश काढला. मूल त्याच घरात राहत असताना घर अयोग्य म्हणून त्याची मदत बंद करता येणार नाही. घर सुधारायला साहाय्य करा, नाहीतर मुलाला योग्य ठिकाणी हलवा. आदेशामागचा हेतू भुकेल्या मुलांना वाचवण्याचा होता आणि त्याबद्दल फ्लेमिंग यांना श्रेय द्यायलाच हवे. पण त्या ‘नाहीतर’मध्ये पुढच्या अर्धशतकाचे बीज होते. १९६१-६२ च्या कायद्यांनी घरातून हलवलेल्या मुलांच्या फोस्टर केअरसाठी केंद्राचा पैसा उपलब्ध केला. घर सुधारण्यासाठी लागणारी सेवा, प्रशिक्षित माणसे आणि चिकाटी मात्र तशी उपलब्ध झाली नाही. आजवर ज्या घरांना खात्याने दारातूनच परत पाठवले होते, त्या घरांकडे खाते आता आले ते मूल न्यायला.

त्याच सुमारास वैद्यकशास्त्राने बालछळाकडे सगळ्या देशाचे लक्ष वेधले. हेन्री केंप आणि सहकाऱ्यांचा मार खाल्लेल्या मुलांवरचा निबंध १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला. पाच वर्षांत सर्व राज्यांनी डॉक्टर आणि इतर व्यावसायिकांवर संशय येताच कळवण्याचे बंधन घातले आणि १९७४ च्या केंद्रीय कायद्याने या व्यवस्थेला चौकट दिली. या कायद्यांनी अनेक मुलांचे प्राण वाचवले. पण कळवण्याच्या सक्तीचे ओझे सगळ्या कुटुंबांवर सारखे पडत नाही. सरकारी दवाखाना, रेशनची मदत, निवारा, सरकारी घरे यांचा आधार घेणारी आई रोज अशा माणसांपुढे उभी असते, ज्यांना कळवणे बंधनकारक आहे. खासगी डॉक्टर आणि पगारी आया असलेल्या घराच्या भिंती जाड असतात. अँड्र्यू बिलिंग्जली आणि जीन जोव्हानोनी यांनी १९७२ मध्येच या प्रश्नावर पहिले मोठे पुस्तक लिहिले आणि व्यवस्था कृष्णवर्णीय मुलांसाठी कधी रचलीच गेली नव्हती, असे त्यात दाखवून दिले.

१९८० च्या दशकातल्या क्रॅक कोकेनच्या भीतीने ही विषमता उघडी पाडली. फ्लोरिडातल्या पिनेलस काउंटीत गरोदर स्त्रियांच्या लघवीची तपासणी झाली. मादक द्रव्यांचे अंश गोऱ्या आणि कृष्णवर्णीय स्त्रियांत जवळपास सारखेच आढळले, गोऱ्यांत किंचित जास्तच. तरी अधिकाऱ्यांना कळवल्या जाण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय स्त्रियांत सुमारे दहापट होते. हा अभ्यास १९९० चा. साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्स्टन शहरात सरकारी रुग्णालय गरोदर स्त्रियांच्या अशाच तपासणीचे अहवाल पोलिसांकडे देत असे. अटक झालेल्या तीस स्त्रियांपैकी एकोणतीस कृष्णवर्णीय होत्या. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये संमतीवाचूनची ही झडती घटनाबाह्य ठरवली, तोवर कित्येक घरे मोडून गेली होती.

मूल घरातून गेले की त्याला परत आणण्याची वाट न्यायालयातून जाते. तिथे आईची बाजू मांडणारा वकील असेलच असे नाही. नॉर्थ कॅरोलायनातल्या एका गरीब कृष्णवर्णीय आईचे पालकत्व कायमचे काढून घेताना तिला वकील मिळाला नव्हता. १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लॅसिटर खटल्यात पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने ठरवले, की अशा प्रत्येक खटल्यात सरकारी खर्चाने वकील देणे घटनेनुसार आवश्यक नाही. १९९७ च्या केंद्रीय कायद्याने आणखी एक घड्याळ लावले. मूल शेवटच्या बावीस महिन्यांपैकी पंधरा महिने फोस्टर केअरमध्ये राहिले, की काही अपवाद सोडता राज्याने पालकत्व संपवण्याची कारवाई सुरू करावी. मुले वर्षानुवर्षे या घरातून त्या घरात फिरत होती, त्यांना कायमचे घर मिळावे हा उद्देश होता. पण याच दशकात तुरुंग भरत होते, त्यांत कृष्णवर्णीय आईबापांची संख्या फुगत होती आणि तुरुंगवास पंधरा महिन्यांहून सहज मोठा असतो. त्याच्या आदल्या वर्षी गरीब मातांच्या मदतीवरही कालमर्यादा आली होती. दोन्ही कायदे एकाच घरावर आदळले.

पक्षपात नेमका कुठे शिरतो? एका जागी नव्हे. फोन येतो, तो चौकशीला घ्यायचा की नाही हे ठरते, अधिकारी घरी जातो, शेरा लिहितो, मूल काढतो किंवा ठेवतो. प्रत्येक पायरीवर माणसाचा अंदाज चालतो आणि छोटासा कल पुढच्या पायरीवर साचत जातो. फिलाडेल्फियातल्या एका रुग्णालयातील हाडमोडीच्या नोंदी तपासणाऱ्या २००२ च्या अभ्यासात अपघाताने इजा झालेल्या अल्पसंख्याक मुलांचीही छळाच्या संशयाने तपासणी गोऱ्या मुलांपेक्षा जास्त वेळा झाल्याचे दिसले. दुखणे तेच, संशय वेगळा.

व्यवस्थेत पक्षपात शिरतो या मताला गंभीर विरोधही आहे. एलिझाबेथ बार्थोलेट यांच्यासारख्या कायदेतज्ज्ञांचे म्हणणे असे, की कृष्णवर्णीय कुटुंबांत गरिबी, बेकारी आणि एकल पालकत्व यांचा ताण जास्त आहे, त्यामुळे मुलांवरचा धोकाही जास्त आहे, आणि खात्याने हात आखडता घेतला तर किंमत मुलेच देतील. काही संशोधकांनी उत्पन्न लक्षात घेतल्यावर फरक बराच कमी होतो असेही दाखवले आहे. हा आक्षेप झटकून टाकण्याजोगा नाही. जिवावर बेतलेल्या मुलाला घरात ठेवणे ही वर्णभेदाची भरपाई होऊ शकत नाही. पण गरिबी हे उत्तर पुरेसे नाही, कारण ती गरिबी कुठून आली याचा इतिहास वर आलाच आहे. आणि सारखीच परिस्थिती असलेल्या मुलांना सारखी वागणूक मिळते का, हा प्रश्न तरीही उरतो.

त्या प्रश्नाला आजवरचे सर्वांत नेमके उत्तर मिशिगनमधून मिळाले. तिथे प्रकरणे अधिकाऱ्यांकडे जवळपास आळीपाळीने जातात. त्याचा आधार घेऊन अर्थशास्त्रज्ञांच्या एका गटाने २०२४ मध्ये दाखवले, की घरी ठेवल्यास पुढे छळ होण्याचा धोका सारखाच असलेल्या मुलांत कृष्णवर्णीय मूल फोस्टर केअरमध्ये जाण्याची शक्यता ५५ टक्क्यांनी जास्त होती. त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट पुढे आहे. ही तफावत मुख्यतः ज्या घरांत खरोखर धोका होता तिथे आढळली. म्हणजे धोक्यात असलेली गोरी मुले घरातच राहून गेली. गोऱ्या आईबापांवर टाकलेला विश्वास त्यांच्याच मुलांना महाग पडला. पक्षपाताचा हिशेब एकाच बाजूने मांडणाऱ्यांनी, मग ते कोणत्याही गटातले असोत, या निष्कर्षापाशी थांबायला हवे.

फोस्टर केअरने मुलाचे भले होते की नुकसान, यावरही अभ्यास एकमताचे नाहीत. इलिनॉयमधल्या मुलांवरच्या २००७ च्या अभ्यासात सीमारेषेवरच्या प्रकरणांत घरी राहिलेली मुले पुढे बरी निघाली; मिशिगनच्या अलीकडच्या आकड्यांत काही बाबतींत उलट चित्र दिसते, आणि तिथली पुष्कळ मुले काही काळाने आईबापांकडे परतली होती. परत न जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी. शाळा बदलतात, भावंडे निरनिराळ्या घरांत जातात, आणि दरवर्षी हजारो मुले कोणतेच कुटुंब न मिळता वयाच्या अटीने व्यवस्थेबाहेर पडतात. आईबापांचे नाव राज्याच्या बालछळ नोंदवहीत चढले तर शाळा, पाळणाघर, वृद्धांची शुश्रूषा अशा नोकऱ्या बंद होतात, आणि कृष्णवर्णीय स्त्रिया मोठ्या संख्येने नेमक्या याच कामांत आहेत. मुले परत मिळवायला कमाई दाखवायची आणि कमाईची वाटच बंद, अशी ही कोंडी आहे. भीतीचा परिणाम त्याहून खोल जातो. नैराश्य आलेली बाळंतीण डॉक्टरला सांगत नाही, मार खाणारी बायको पोलिसांना बोलावत नाही.

या अनुभवाचा सर्वांत सखोल शोध कायद्याच्या प्राध्यापक डॉरोथी रॉबर्ट्स यांनी घेतला आहे. २००१ मधले ‘शॅटर्ड बाँड्स’ आणि २०२२ मधले ‘टॉर्न अपार्ट’ ही त्यांची पुस्तके या विषयाचे दोन टप्पे आहेत. पहिल्यात त्या व्यवस्थेतला वर्णभेद दाखवतात. दुसऱ्यात तिला कुटुंबांवरची पोलिसगिरी म्हणतात आणि ती मोडून टाकण्याची मागणी करतात. शिकागोच्या वुडलॉन या कृष्णवर्णीय वस्तीतल्या स्त्रियांशी बोलताना त्यांना आढळलेली एक गोष्ट मात्र कोणत्याही घोषणेत सहज बसत नाही. त्या स्त्रियांना खात्याची दहशत होती आणि तरीही खात्याने वस्तीत जास्त काम करावे असे त्यांना वाटत होते. कारण तिथे भाडे, कपडे, मुलांचा खर्च यांसाठी पैसे मिळण्याची ती जवळपास एकच जागा उरली होती, आणि तो पैसा मूल व्यवस्थेत गेल्यावरच मिळे.

हाच धागा धरून काही सुधारणा झाल्या. मूल सांभाळणाऱ्या नातेवाइकालाही परक्या फोस्टर पालकाइतकाच भत्ता मिळायला हवा, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये इलिनॉयच्या एका खटल्यात मान्य केले होते. २००८ च्या कायद्याने मूल काढल्यावर तीस दिवसांत नातेवाइकांना कळवणे बंधनकारक केले. २०१८ च्या कायद्याने फोस्टर केअरचा काही निधी मूल घरात असतानाच उपचार आणि पालक-प्रशिक्षणासाठी वापरण्याची मुभा दिली. भाडे किंवा अन्न मात्र त्यात बसत नाही. पिट्सबर्गच्या अ‍ॅलेगेनी काउंटीने २०१६ पासून येणाऱ्या तक्रारींना संगणकाकरवी जोखमीचे गुण देऊन पाहिले. पण त्या गणिताचा कच्चा माल सरकारी खात्यांतल्या जुन्या नोंदी आहेत, आणि त्या कोणाच्या जास्त असतात हे आता सांगायला नको. सर्वांत साधा उपाय न्यूयॉर्क शहरात सापडला. तिथे आईबापांना वकिलाबरोबर समाजसेवक आणि त्याच दिव्यातून गेलेला एखादा पालक सोबतीला देणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या. २०१९ च्या अभ्यासानुसार अशा मदतीमुळे मुलांचा फोस्टर केअरमधला काळ सरासरी ११८ दिवसांनी घटला आणि त्यांच्या सुरक्षिततेत काही उणे आले नाही.

मे २०२४ मध्ये मिनेसोटा राज्याने कृष्णवर्णीय आणि प्रमाणाबाहेर भरडल्या गेलेल्या इतर कुटुंबांच्या रक्षणासाठी स्वतंत्र कायदा केला. त्याचा नमुना १९७८ च्या अमेरिकी आदिवासी मुलांविषयीच्या केंद्रीय कायद्यात आहे. मूल काढण्याआधी खात्याने ‘वाजवी’ नव्हे तर ‘सक्रिय’ प्रयत्न केले पाहिजेत, म्हणजे आईच्या हातात सेवांच्या पत्त्यांची यादी देऊन भागणार नाही, तिला त्या सेवेपर्यंत पोचवावे लागेल. हेनेपिन आणि रॅमझी या दोन काउंटींत अंमलबजावणीचा पहिला टप्पा जानेवारी २०२५ पासून ठरला. संपूर्ण राज्याला हा कायदा लागू होण्याची तारीख १ जानेवारी २०२७ ठेवली आहे.